लहाईला कळी आली

“वाकतेय का गं शेपटी? खरं सांग, बाइंदू.”

येमानं विचारलं. तिचा चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त असायचा. मी भिंग घेऊन कळीला नाक लावलं. कळीच्या मागून हिरवट शेपटी निघाली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. सरळ आहे, म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं, तेव्हा ती सरळच होती.

केनेमाहून जंगलात जाणारा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा तोडायच्या झाडांवरची ऑर्किडं उतरवून आमच्या शेडमध्ये आणली. आम्ही दोघी त्यांना पाणी घालतो, जपतो आणि फूल आलं की ओळखतो. नुसत्या पानांवरून ऑर्किड ओळखीन म्हणणारा एक तर नवखा असतो, नाही तर थापाड्या. फूलच लागतं. त्याची शेपटी लांब की आखूड, सरळ की वाकडी, ओठासारखी पाकळी कशी, आत परागाच्या गोळ्या कशा चिकटल्यात, हे बघावं तेव्हा कुठे नाव ठरतं. तोवर ज्यानं रोप आणलं त्याचंच नाव कुंडीवर. ‘ब्रिमाला पाणी घाल’, ‘वांडीला बुरशी लागलीय’ असं आमचं दिवसभर चालतं. नव्या माणसाला वाटावं, या बायांना वेड लागलंय. फूल आलं की ती पाटी निघते आणि खरं नाव चढतं.

लहाई हा येमाचा एकुलता एक मुलगा. झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका उंच झाडाच्या शेंड्यावरून हे रोप काढलं आणि उतरताना फांदी तुटली. त्याला उचललं तेव्हा रोप सदऱ्यात खोचलेलं होतं, पानं शाबूत. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा भात गावाला मांडून झाला आणि दुसऱ्या दिवशी येमा कामावर आली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर म्हणाली, “लहाई सुकलाय बघ.” मी शेडच्या मागे जाऊन रडले.

त्या रोपाची पानं आखूड, लालसर, पिळवटलेली. तसं दुसरं आमच्याकडे नव्हतं. फ्रीटाउनहून येणाऱ्या कोकर मॅडमसुद्धा चक्रावल्या. बाई उगाच आशा लावणाऱ्यांतल्या नाहीत, पण एकदा बोलून गेल्या, की हे आजवर कुणी न पाहिलेलं निघालं तर लहाईचं नाव याला कायमचं देऊ. झालं! येमानं खूणगाठ बांधली. वर्षामागून वर्षं गेली, बाकीची रोपं फुलली, नावं घेऊन मोकळी झाली; हे आपलं तसंच. गावात कसाव्याचा पाला कुटताना बायका टोमणे मारायच्या, की येमाचा लेक कुंडीत बसलाय. येमा म्हणायची, तुमचे शहरात बसलेत, ते तरी कधी फुललेले दिसले नाहीत.

आणि यंदा कळी आली. शेपटी सरळ लांब राहिली तर काहीतरी नवीन. गुडघ्यासारखी वाकून टोकाला फुगली, तर आमच्याकडचं सगळ्यात साधं ऑर्किड, कोलाच्या झाडांवर, आंब्यांवर, कुठेही लटकणारं. येमाच्या परसातल्या आंब्यावरही ते होतं. कडक उन्हात वाढलं की त्याची पानं अशीच आखडतात, पण एवढी आखडलेली आम्ही कधी पाहिली नव्हती.

पुढे शेपटी मध्येच कलली. मी भिंग फडताळात ठेवून दिलं. एका सकाळी फूल उमललं. पांढरं, घशाशी हिरवट, गोड वासाचं. येमानं चष्मा खाली ओढला आणि बघत राहिली. शेपटी गुडघ्यासारखी दुमडलेली, टोकाला फुगवटा. लहाई गेला त्या दिवशीही तिला असंच ओळखायला बोलावलं होतं.

मला सहन होईना. “येमे, मी शेपटी मोडून टाकते. मुंग्यांनी खाल्लं म्हणू. पुढच्या फुलापर्यंत लहाईच राहील.”

“आणि पुढच्या फुलाला?”

“त्यालाही मुंग्या.”

ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. “आंब्यावरचंच होतं गं, बाइंदू. मला म्हणाला असता तर परसातून काठीनं पाडून दिलं असतं.”

दुपारी कोकर मॅडम आल्या. फूल बघितलं आणि तिथेच पालथ्या बादलीवर बसल्या. डोळे पुसून हळूच म्हणाल्या, की कुंडीवरची पाटी असू दे, मी काही विचारणार नाही. भली बाई.

“नको मॅडम,” येमा म्हणाली. “भलतं नाव लावलं तर लोक त्यालाच हसतील. चुकीचं ओळखलेलं त्याला कधी खपलं नाही.”

तिनं स्वतःच्या हातानं फूल कापलं, स्पिरिटच्या बाटलीत सोडलं आणि खरं नाव लिहिलं. लहाईची पाटी काढून कमरेला खोचली.

साधी रोपं आम्ही ठेवत नाही, जागा अडते. ती बाहेरच्या झाडांवर बांधून टाकतो. हे रोप येमानं माझ्या हाती दिलं नाही. कमरेच्या कापडाची पट्टी फाडली आणि फाटकाजवळच्या कोलाच्या झाडाला, कमरेएवढ्या उंचीवर, बांधायला घेतलं. मी म्हटलं, इथे ऊन पोचायचं नाही, वर बांधू, मी शिडी धरते.

“राहू दे इथंच,” ती म्हणाली. “बघायला म्हणून कुणाला वर चढायला नको.”

तिनं गाठ मारली, ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.