टाकीवरची म्हैस

टाकीवरची म्हैस खाली उतरली की नाही, हे सोनमला शेवटपर्यंत कळलं नाही आणि आता कळायची शक्यताही नाही.

पण अजून असं काही घडलेलं नाही. सोनम दाराशी बसली आहे, दीपमाला बाई पुस्तक उघडतायत, सगळं सुरळीत चाललं आहे.

कुंडलजवळच्या एका वस्तीवरची ही शाळा. बाई मूळच्या खंडाळ्याच्या, नोकरीत नव्या. सोनम जत भागातल्या मेंढपाळाची पोर. ऊस गेला की मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. त्या मेंढरांमागनं तिचा बाप बिरदेव आला आणि बापामागनं ती. दिवाळीनंतर पहिलीत दाखल झाली, ती बोलायचं नाही असं ठरवूनच. बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. "बोल गं सोनम," "नाव तरी सांग," शेवटी लिमलेटची गोळीही दिली. सोनमनं गोळी खाल्ली आणि पुन्हा कामाला लागली, म्हणजे गप्प बसली.

"बाई, तिला देवानं आवाजच दिल्याला न्हाई," वीरधवलनं वर्गात जाहीर केलं.

"तिचा तुला दिलाय बघ. बस खाली."

तर त्या शुक्रवारी चित्रांच्या पुस्तकाचं वाचन होतं. गोष्ट अशी, की एक म्हैस हवा खायला गावच्या पाण्याच्या टाकीवर चढते आणि तिला उतरता येत नाही. सरपंच येतो, बँडवाले येतात, एक शहाणा तर टाकीच खाली घ्या म्हणतो. बाई चित्र पोरांकडं धरून वाचत होत्या, मधेच थांबून विचारत होत्या, "आता काय करायचं हिचं?"

"जेसीबी बोलवा!"

"खालनं वैरण दावा!"

"बाई, मालकालाच वर चढवा. त्येला बघून उडी मारंल."

या गदारोळात सोनम पानागणिक बूड सरकवत दारातून पुढं येत होती. बाईंना ते दिसलं आणि त्यांनी दिसलं नाही असं दाखवलं. त्या दिवसात बाईंनी केलेलं शेवटचं शहाणपण ते हेच.

कारण तेवढ्यात मुख्याध्यापक बाळासो सर मोबाईल घेऊन आत आले. वाचन झालं हे वरच्यांना फोटोवरून कळतं. फोटो नसेल तर वाचन झालेलं नसतं, मग पोरांना गोष्ट पाठ असली तरी. सर पोरांची तोंडं यावीत म्हणून फळ्याला टेकून उभे राहिले.

"बाई, म्हस माझ्याकडं करा."

बाईंनी पुस्तक फिरवलं. आता म्हैस सरांना दिसू लागली आणि पोरांना पुस्तकाची पाठ.

"हसा रं!"

पोरं पाठीकडं बघून हसली. पहिल्या फोटोत वीरधवलचे डोळे मिटले. दुसऱ्यात सरांचं बोट आलं, तेही चांगलं ठळक. म्हैस टाकीवर तशीच अवघडून उभी. आणि तेवढ्यात एक आवाज आला. ठेवणीतला होता, घडी मोडावी तसा.

"बाई, मग उतरली का म्हस?"

अख्खा वर्ग मागं वळला. बोलली होती सोनम.

"आवं बाई, ब्येस आलंय, हलू नका!" सर ओरडले.

आणि बाई म्हणाल्या, "बोलू नको गं आता. फोटो हलतोय."

फोटो छान आला. शाळा सुटली. उरलेली गोष्ट सोमवारी वाचू, असं बाईंनी दप्तरं उचललेल्या पाठींना सांगितलं.

ग्रुपवर टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांचा शेराही आला: "उपक्रम स्तुत्य. मात्र मधल्या मुलीचे तोंड उघडे आहे. पुढील वेळी दक्षता घ्यावी."

सोमवारी मधली मुलगी आली नाही. मधल्या सुट्टीत बाई पुस्तक घेऊन, मेंढरं बसायची त्या आकारामच्या रानात गेल्या. रानात लेंड्या होत्या, चुलीचे दगड होते आणि आकाराम होता.

"मेंढरं व्हय? गेली की कडेगावच्या अंगाला. का वो बाई, फी राहिली का काय?"

"नाही. म्हैस राहिली."

आकारामनं बराच विचार केला. "बिरदेवाकडं म्हस न्हवती, बाई."

तरी नंबर त्यानं दिला. फोन लागलाही. मागं मेंढरांचा कालवा.

"सोनमला द्या हो. गोष्ट पुरी करायची राहिलीय."

थोडा वेळ नुसतीच मेंढरं बोलली. मग बिरदेव म्हणाला, "घेत न्हाई बाई ती फोन."

"का?"

"बाई बोलू नको म्हनल्यात, म्हनती."

बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "घरीसुद्धा बोलत नाही?"

"आवं, घरात लय बोलायची. त्या दिशी आली ती गप. येकदाच म्हनली, म्हस वरच हाय."

"बिरदेव, तिला सांगा, म्हैस उतरली."

"कुनाची?"

मागं ट्रकचा हॉर्न वाजला, बिरदेव मेंढरांवर ओरडला आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो लागला नाही. म्हैस कशी उतरली ते वर्गानं त्याच दुपारी ऐकलं आणि पोरं पोट धरून हसली. बाई वाचत होत्या, त्यांना हसू आलं नाही.

संध्याकाळी बाईंनी वरिष्ठांकडं रीतसर मागणी केली:

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मागील शुक्रवारची शेवटची तासिका, त्याच विद्यार्थ्यांसह व छायाचित्राची अट शिथिल करून, शाळेस पुनश्च मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."