सरळ केलेला अष्टावक्र

मी अष्टावक्र. खरा ऋषी नव्हे, सिमेंटचा. पण खऱ्याच्या वाट्याला जे हसू आलं ते माझ्याही आलं, म्हणून त्याचं नाव लावायला लाजत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर एका देवळाच्या आवारात माझा मुक्काम. आठ ठिकाणी वाकडा जन्मलो आणि शहाण्या माणसांनी मला सरळ केलं. त्यांच्या अकलेविषयी माझं मत त्याच दिवशी ठरून गेलं.

मला घडवलं कुडाळच्या मूर्तिकार सत्यवानाने. त्याची धाकटी बहीण प्राजक्ता कणकवलीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवते. तिचा कणा लहानपणापासून वाकलेला. चालताना एक खांदा पुढे जातो, दुसरा त्याच्यामागून येतो. माझ्या सांगाड्याच्या सळ्या वाकवताना सत्यवान तिला समोर बसवायचा आणि ती खऱ्या अष्टावक्राची गोष्ट सांगायची. आईच्या पोटातूनच या पोराने बापाची वेद म्हणण्यातली चूक दाखवली. बापाने रागाने शाप दिला, पोर आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. पुढे त्यानेच जनक राजाला शिकवलं, की तू म्हणजे हे शरीर नव्हे. तुझ्यात जे आहे तेच सगळ्यांत आहे, दुसरं काही नाहीच.

"म्हणजे अद्वैत मां?" सत्यवानाने विचारलं.

"व्हय. पण तू आधी ती पाठ नीट वाकव," ती म्हणाली.

माझी पाठ अशी तिच्या पाठीवरून आली. देखणी होती.

मग देवस्थान कमिटीचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ मला बघायला आले. देवळात 'अद्वैत सप्ताह' करायचा त्यांनी घाट घातला होता. पहिलं व्याख्यान प्राजक्ताचं, आणि दाराशी मी. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"ह्यो असो वाकडो कित्याक केलंस रे?"

"भाऊ, अष्टावक्र तो. आठ जाग्यांवर वाकडो."

"ता माका म्हायत आसा. पण लोक फोटो काढतले. दाढी बरी आसा, बाकीचो सरळ कर. औंदा सार्वजनिक गणपती तुझ्याकडेच सांगतलंव."

गणपतीचं नाव निघालं आणि सत्यवान विरघळला. माझ्या पाठीचा खळगा भरला, खांदे एका रेषेत आणले, मांड्या जाड केल्या. छाती तर अशी फुगवली, की जनक राजाने मला दाराशी पहारेकरी ठेवलं असतं. खाली पाटी मात्र तीच राहिली: महर्षी अष्टावक्र. नाव वाकडं, अंग सरळ. कमिटीत कुणाला काही खटकलं नाही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दुपारी प्राजक्ता आली. मला पाहून थबकली.

"दादा, ह्या काय केलंस?"

"हरिश्चंद्रभाऊन सांगल्यान."

"आणि तू ऐकलंस." एवढंच बोलून ती आत गेली. सत्यवान तिच्याकडे न बघता माझ्या पायांवरची धूळ पुसत राहिला.

आत हरिश्चंद्रभाऊ शुद्ध मराठीत आले. "मॅडम, आपण बसूनच बोला. पुढे टेबल लावतो, त्यावर फुलं. म्हणजे कॅमेऱ्यात कसं... चांगलं दिसेल."

"मी उभी राहूनच बोलेन," प्राजक्ता म्हणाली. तिने टेबल बाजूला सारलं आणि पुढे येऊन उभी राहिली. मागच्या रांगेत दोघं हसले. तिने ते ऐकलं आणि जनकाच्या सभेपासूनच सुरुवात केली. वाकडा अष्टावक्र आत आला, पंडित हसले. मग तोही हसला आणि राजाला म्हणाला, मी ज्ञान्यांच्या सभेत आलो असं वाटलं होतं. इथे तर सगळे कातडं पारखणारे बसलेत.

मंडप चिडीचूप होईल असं मला वाटलं. छे! टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे ते दोघे सर्वांत जोरात वाजवत होते. ते पंडित दुसरेच कोणीतरी, असं प्रत्येकाला वाटलं. हरिश्चंद्रभाऊंनी तिला शाल-श्रीफळ दिलं आणि फोटोसाठी अर्धं अंग खांबाआड उभं केलं.

एकटा सत्यवान टाळ्या वाजवत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला. प्राजक्ताने त्याचा हात धरला.

"रवांदे, दादा. होडी कलंडली म्हणान दर्या कलंडता काय? ऋषीक फरक पडना नाय."

"त्याका नाय पडना. पण तुका?"

तिने त्याचा हात सोडला. मग हळूच म्हणाली, "माका पडता."

सत्यवानाने पहिला घाव घातला. कमिटी धावत आली, आरडाओरडा झाला, गणपतीचं काम गेलं. तो थांबला नाही. संध्याकाळपर्यंत माझी पाठ मोकळी झाली. काही ठिकाणी सळ्या उघड्या पडल्या, पण पाठ माझी होती.

आता मला दारातून हलवून मंडपामागे, पाण्याच्या टाकीजवळ ठेवलंय. दाराशी एक सरळ हत्ती आला आहे. माझी तक्रार नाही. रविवारी प्राजक्ता येते, टाकीच्या सावलीत बसून पेपर तपासते.

तुम्ही कधी आलात तर माझ्या पाया पडू नका. तेवढं कौतुक मला पचत नाही. येताना मात्र कणकवलीच्या एसटीत ती उभी दिसेल. सर्वांभूती एकच ईश्वर म्हणणारे खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतात, हे ती कधी सांगत नाही. उतरल्यावर तिचे पाय थरथरतात, त्यावरून कळतं. तेव्हा अद्वैत राहू द्या. उठा आणि तिला बसायला जागा द्या.