डुगडुगती खुर्ची

लिफ्टकाकांना एका खुर्चीची धास्ती बसेल, असं कुणी म्हटलं असतं तर सगळा वर्ग हसला असता, आणि सगळ्यांत मोठ्याने काकाच हसले असते.

खुर्ची वाचनालयाच्या मागच्या खोलीतली. एक पाय तोकडा, त्यामुळे बसलं की डुगडुगायची. दर शनिवारी सकाळी त्या खोलीत ‘खटपट वर्ग’ भरायचा. लोकांनी टाकून दिलेले प्रिंटर, पंखे, खेळणी, मोबाइल, सगळं एका लांब टेबलावर ओतायचं आणि ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. फी नाही, परीक्षा नाही. नियम एकच, तोही बाईंचा. बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, वर्ग त्याच चालवायच्या. ज्याच्या हातून काही बिघडेल त्याने पुढच्या शनिवारी त्या खुर्चीत बसायचं आणि आपलं कसं चुकलं ते सगळ्यांना शिकवायचं. माफी मागायची नाही, शिकवायचं. बाईंचं म्हणणं, चुकलेल्या माणसाइतकं ते काम दुसऱ्या कुणालाच नीट कळलेलं नसतं.

तीन वर्षांत त्या खुर्चीत सगळे बसून उठले. खुद्द बाई चारदा बसल्या. बसले नव्हते ते एकटे काका. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस. ‘आमच्या धंद्यात चुकलं तरी माणूस खाली येतोच, फक्त जिन्याने येत नाही,’ हे त्यांचं वाक्य प्रत्येकाने निदान वीसदा ऐकलं होतं. वायरींना चिठ्ठ्या लावणाऱ्यांची तर ते भर वर्गात टिंगल करायचे. देवाने डोळे दिलेत, कंपनीने रंग दिलेत, मग चिठ्ठ्या कशाला?

आणि याच काकांनी एका शनिवारी माती खाल्ली. बरं, खाल्ली ती खाल्ली, वर तोंड मिटून गप्प बसले.

झालं होतं असं. वर्गात एक लाँड्रीवाली यायची, तिला सगळे लाँड्रीताई म्हणत. तिचं दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. घरात फक्त आई. आईची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली, कान मात्र शाबूत. लाँड्रीताई दर अर्ध्या तासाने दुकानाला पाटी लावून वर धावायची. तरी एकदा आई पलंगावरून पडली आणि वीस मिनिटं फरशीवर तशीच होती. म्हणून वर्गाने सहा शनिवार खपून तिच्यासाठी एक घंटी करत आणली होती. आईच्या डाव्या हातात जुन्या कॉम्प्युटरचा माऊस द्यायचा, तिथून खिडकीतून वायर खाली सोडायची, आणि दुकानात एका खेळण्यातल्या रुग्णवाहिकेचा निळा दिवा आणि भोंगा लावायचा. आईने माऊस दाबला की खाली भोंगा वाजणार. वर्गाच्या टेबलावर सगळं तयार होतं, फक्त शेवटच्या दोन वायरी जोडायच्या राहिल्या होत्या, एक गडद निळी, एक काळी.

लाँड्रीताईने निळ्या वायरीला पांढरा दोरा बांधला होता. कपड्यांना खुणेचा दोरा बांधायची हाताची सवय, दुसरं काय. काकांनी पाहिलं आणि पकडीने तो दोरा कापला. ‘वायर आहे, बाळाचं मनगट नाही,’ असं पुटपुटले. ती तेव्हा नळावर हात धुवायला गेली होती. काकांनी वायरी जोडून टाकल्या. ती आली, सगळे गोळा झाले, तिने हौसेने माऊस दाबला. दिवा एकदा भकन पेटला, धूर आला, खेल खलास.

बाईंनी विचारायच्या आतच ती म्हणाली, माझ्याच हातून झालं, वायरीवर खूण करायची राहिली. आणि काका? काकांनी चष्मा पुसायला घेतला. अहो, एक शब्द! एक शब्द बोलले असते तर काय जीभ झडणार होती? पण तोंडातून तो शब्द निघाला नाही, आणि एकदा हुकलेला शब्द नंतर किती जड होतो ते पुढच्या आठ दिवसांत त्यांना कळलं.

वायरी चुकल्या त्या घाईने नव्हे, डोळ्यांमुळे. वर्षभर त्यांना गडद निळं आणि काळं एकच दिसत होतं. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही सांगायचं ते टाळतच होते.

घरात त्यांच्या पायाला भिंगरी लागली. बसले की उठायचे, उठले की खिडकीशी, खिडकीतून पुन्हा दाराशी. जेवणात लक्ष नाही. काकू म्हणाल्या, मुंग्या चावतायत का तुम्हाला? सोमवारी त्यांनी ठरवलं की घरीच दुसरी घंटी करायची आणि गुपचूप नेऊन द्यायची. जुन्या रेडिओतून वायरी काढल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या, दिव्याखाली धरल्या, वाकड्या करून पाहिल्या. निळी कुठली आणि काळी कुठली, काही केल्या कळेना. तासाभराने त्यांनी सगळं डब्यात कोंबलं आणि डबा कपाटावर भिरकावला.

मंगळवारपासून ते काही ना काही निमित्त काढून लाँड्रीवरून जायला लागले. एकदा इस्त्री गरम ठेवून दुकान रिकामं, पाटीवर ‘पाच मिनिटांत येते’. एकदा ती जिन्यावर कठड्याला धरून धापा टाकत उभी. त्यांना पाहून हसली, म्हणाली, काका, शनिवारी माझी खुर्ची, काय बोलायचं ते सांगून ठेवा हं. ‘बघू’ म्हणून ते असे सटकले, जसं काही तिनेच त्यांचं बिंग फोडलं होतं.

शुक्रवारी ते बाहेर निघाले तेव्हा काकूंनी दारातच अडवलं.

“एक मोजा निळा आहे, एक काळा,” त्या म्हणाल्या. “सहा महिने बघतेय. रोज सकाळी जोडी लावून ठेवते, म्हणून निभावतंय. आज मुद्दाम नाही लावली. मला कधी सांगणार होतात?”

काका दाराशीच स्टुलावर बसले आणि मोज्यांकडे बघत राहिले. दोन्ही सारखेच दिसत होते.

शनिवारी लाँड्रीताई खुर्चीत बसली. खुर्ची डुगडुगली. ती आधी कधी चार माणसांत बोलली नव्हती, पदराच्या टोकाला पीळ देत होती. तिने सांगितलं की वायरी उलट्या जोडल्या गेल्या, उलट्या जोडल्या की असं जळतं. इथवर ठीक चाललं होतं.

“बावीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचा सदरा दुसऱ्याकडे गेला नाही,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, मी दोरा बांधला होता. पण मिळाला नाही, म्हणजे नसेलच बांधला. जगाच्या कपड्यांना दोरे बांधते, आणि आईच्याच घंटीला विसरले.”

काका उठले. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर होतं, ते उघडलं. लिफ्टवाल्याची खोड, कापलेला तुकडा खाली टाकायचा नाही, खाली माणसं असतात. दोऱ्याचा तो तुकडा आठ दिवस त्या घरातच होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“दोरा तू बांधला होतास,” ते म्हणाले. “मी कापला. वायरी मी जोडल्या. मला निळी वायर काळी दिसली. वर्षभर तशीच दिसतेय.”

लाँड्रीताईने दोरा उचलला, बोटांनी गाठ चाचपली. गाठ तिचीच होती. काकांना वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे काका, होतं असं. ती तसं म्हणाली नाही.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “मी आईसमोर रडले. तिला म्हटलं, तुझी घंटी मी जाळली. तुम्ही मला जिना चढताना बघत होतात. तेव्हाही बोलला नाहीत.”

“नाही बोललो.”

“मग मला काय सांगता? आईला जाऊन सांगा. तिला सगळं ऐकू येतं.”

ती खुर्चीतून उठली. काका बसले. खुर्ची डुगडुगली, आणि त्यांनी शिकवलं. डोळ्यांवर भरवसा कधी ठेवू नये ते शिकवलं, टिंगल कशी महागात पडते तेही शिकवलं. मग सगळ्यांनी मिळून सायकलच्या दिव्यातून आणि दाराच्या जुन्या घंटीतून नवी जोडणी केली. लाँड्रीताईने निळ्या वायरीच्या दोऱ्याला एक गाठ मारली, काळीच्या दोऱ्याला दोन, आणि वायरी काकांच्या हातात दिल्या. काकांनी नजर वळवली आणि बोटांनी गाठी मोजत वायरी जोडल्या. घंटी वाजली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, तिने नाही.

दुपारी काका तिच्याबरोबर गेले. दुकानात घंटी लावली, तीन मजले चढून वर गेले, आईच्या हातात माऊस दिला आणि पलंगाशी उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुमच्या मुलीने नाही, मी जाळली, आणि गप्प बसलो. म्हातारीने त्यांच्याकडे एकटक पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटतंय की नाही, काकांना कळेना. थोडा वेळ थांबून ते खाली आले.

शेवटच्या पायरीवर होते तोच घंटी वाजली. लाँड्रीताई इस्त्री ठेवून धावणार, एवढ्यात काका म्हणाले, थांब, मी बघतो. वर गेले. पाणी हवंय? म्हातारीने मान हलवली, नको. उशी? नको. काका खाली आले. पुन्हा घंटी. पुन्हा तीन मजले. पंखा? नको. खिडकी? नको. म्हातारी छताकडे बघत होती आणि तोंडाचा डावा कोपरा जरासा वर गेला होता.

काका खाली आले तेव्हा घामाने निथळत होते. जन्मभर लोकांचे जिने वाचवलेला माणूस, गुडघे धरून दुकानाच्या दारात उभा राहिला. घंटी तिसऱ्यांदा वाजली.

लाँड्रीताईने सदऱ्याच्या कॉलरवरून इस्त्री फिरवली. मान वर केली नाही, पण आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आवरत नव्हतं.

“जा,” ती म्हणाली. “माझ्यासाठी नाहीये ती.”

काकांनी कठडा धरला आणि पुन्हा चढायला लागले.