आतून आलेला पत्ता

बाबा हरवले त्या दुपारी मावशी खुर्चीत डोळे मिटून बसली, आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"अगं, काय चाललंय तुझं? माणूस सापडत नाहीये आणि तुला ध्यान सुचतंय?"

विसरभोळेपणा, विसरभोळेपणा म्हणता म्हणता बाबांचा आजार इतका वाढलाय, की घरचा रस्ताही त्यांना आठवत नाही. मी आंघोळीला गेले आणि तेवढ्यात दार उघडून ते निघून गेले. बाग, न्हाव्याचं दुकान, बसथांबा, सगळं पालथं घातलं. पोलिसांना कळवलं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

मावशीने एक डोळा उघडला. "मला काही कळत नाहीये. तू बसून बघ. वडील तुझे आहेत."

मावशीचं हे जुनंच खूळ. म्हणे मनाला आतून कळतं, आपणच ऐकत नाही. एरवी मी तिची यथेच्छ टिंगल करते. पण पायांचे तुकडे पडले होते, म्हणून टेकले. आणि मन चिंती ते वैरी न चिंती! नदी दिसली, रूळ दिसले, दवाखान्यातली पांढरी चादर दिसली.

"मला नको नको ते दिसतंय गं!" मी रडायलाच लागले.

"ती भीती. ती आरडाओरडा करते, शंभर कारणं देते. होऊ दे तिचं बोलून. दुसरं जे असतं ना, ते हळूच बोलतं, आणि कारण सांगत नाही."

रडून रडून मी गप्प झाले. मग, कसं कोण जाणे, मनात आलं, वजनकाटा. गोदामांपाशी मालाचे ट्रक तोलतात, तो. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाचं तिथे काय काम?

"शुद्ध वेडेपणा आहे," असं म्हणत मी चपला अडकवल्या आणि सुटलेच.

तिथल्या बाकावर बाबा बसले होते, हात मांडीवर ठेवून, अगदी निवांत. ते तिथे का गेले, मला आजही ठाऊक नाही. मला ते कसं कळलं, हे तर त्याहून नाही.

"बाबा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. जरा सरकून जागा मात्र करून दिली.

"बसा ना बाई. मी माझ्या मुलीची वाट बघतोय. तिला पत्ता सांगितलेला नाही, पण ती येणार. आतून वाटतंय मला."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"येणारच," मी म्हणाले. "आलीच समजा."