ओठ हलवू नका

"हालले."

"काय हालले?"

"ओठ. आता पुन्हा हालले."

प्रेमलता माझ्यासमोर स्टुलावर बसली होती, हातात पोळी उलटायचा सराटा. ओठ हलले की सराटा माझ्या गुडघ्यावर, असं ठरलं होतं. ठरवलं तिनंच.

"आता तर तुझ्याशी बोललो म्हणून हालले वं."

"अन् तो कॅमेऱ्यातला माणूस का तुमाले इचारणार हाये, बायकोशी बोलून राहिले का कोणाले उत्तर पुसून राहिले?"

मुद्दा बरोबर होता. गुडघ्यावर बसला तो सराटाही बरोबर बसला.

परवा अकरा वाजता माझी वायरलेसची परीक्षा. घरी बसूनच द्यायची, लॅपटॉपवर. पलीकडे कुठेतरी एक माणूस असतो, तो कॅमेऱ्यातून नव्वद मिनिटं तुमच्या तोंडाकडे बघतो. खोलीत दुसरं कोणी नको, टेबलावर कागद नको, आवाज नको. आणि ओठ हलवायचे नाहीत. साठ प्रश्न, सत्तर टक्क्यांना पास.

बाकी सगळं जमलं असतं. पण एकोणपन्नास वर्षांत मी एकदाही मनात वाचलेलं नाही. रामटेकजवळच्या आमच्या शाळेत गुरुजी मोठ्यानं वाचायला लावायचे. मनात वाचणारा झोपला आहे असं समजून डस्टर फेकायचे. त्यात ही परीक्षा इंग्रजीत. मी आधी इंग्रजी पुटपुटतो, मग त्याचं मराठी पुटपुटतो, मग कुठं उत्तर कळतं. तोंड बंद केलं की डोक्यातली रेंज जाते.

तसंही माझं तोंड बंद राहिलेलं नागपूरच्या आमच्या हुडकेश्वर वस्तीत कोणी पाहिलेलं नाही. लोकांना गमतीनं बनवणं हा माझा जुना धंदा. मागच्या वर्षी मी घरच्या वायफायचं नाव 'नत्थूजी ऐकून राहिले' असं ठेवलं. नत्थूजी म्हणजे आमचे शेजारी, रिटायर्ड पोस्टमन, ऐंशीचे, कानानं कमी. सगळ्यांच्या मोबाईलवर ते नाव दिसायला लागलं आणि आठवडाभर गल्लीतल्या बाया कुजबुजत भांडल्या. नत्थूजींना कळलं तेव्हा सगळ्यात जास्त तेच हसले. तेव्हापासून मी 'लाइट गेली' म्हटलं तरी लोक आधी पंख्याकडे बघतात.

मिहान औद्योगिक भागातल्या एका मोठ्या ऑफिसचं वायफाय मी सांभाळतो. कंत्राटदाराचा माणूस, पण साइट इन्चार्ज. चार जण हाताखाली. गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या तारा ओढत ओढत इथवर आलो. आता नियम आला की इन्चार्जकडे सर्टिफिकेट पाहिजे. मेच्या अखेरपर्यंत नसलं तर इन्चार्ज दुसरा आणि मी परत शिडीवर, छतात मुंडकं घालून तारा ओढायला.

एक चान्स मी आधीच घालवला होता. मागच्या महिन्यात परीक्षेला बसलो, अकराव्या मिनिटाला स्क्रीनवर पाटी आली, 'कृपया ओठ हलवू नका.' मला वाटलं, ही रितिकाची मस्करी. रितिका माझ्या हाताखाली नवीन आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला स्टोअरमधून पाच मीटर बँडविड्थ आणायला पाठवलं होतं. बँडविड्थ म्हणजे एका वेळी किती माल जाईल त्याचं माप, ती काय मीटरवर मिळते? पण नवी होती, घाबरलेली होती, गेली बिचारी. म्हटलं, आज तिनं उट्टं काढलं. मी कॅमेऱ्यासमोर जीभ काढली, दोन्ही कान धरून डोळे फिरवले.

परीक्षा तिथंच बंद.

रितिका त्याच आठवड्यात पास झाली. इन्चार्ज बदलला तर तीच होणार. तिनंच मला फोन केला. "काका, एकच चान्स राहिला तुमाले. यावेळी मस्करी नका करू जी." तिच्या आवाजात दया होती. ती मला शिडीपेक्षा जास्त लागली.

परीक्षेच्या दिवशी पारा पंचेचाळीसवर. कूलर बंद ठेवायचा होता, कारण आमचा कूलर सुरू झाला की मागे चार माणसं भांडताहेत असं वाटतं. नत्थूजींचाही बंद करावा लागणार, त्यांची खिडकी माझ्या खोलीला लागून. प्रेमलता सांगायला गेली.

"दीड घंटा बोलू नका जी फकस्त."

"मी कुठी बोलतो वं?" नत्थूजी म्हणाले. गल्लीच्या टोकावरचा किराणावाला बाहेर येऊन बघायला लागला.

शेवटी तिनं त्यांना आमच्याच बाहेरच्या खोलीत आणून माझ्या आईशेजारी बसवलं. डोळ्यांसमोर बरे. मग माझ्याकडे वळली. "लाइट गेली त?"

"लॅपटॉपले बॅटरी हाये, नेट मोबाईलवर."

"अन् तुमाले काही झालं त?"

"मले काय होते?"

"घाम पाहा तुमचा."

मी बाहीनं कपाळ पुसलं आणि आत जाऊन दार लावलं.

पलीकडच्या माणसानं लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवायला लावल्या. टेबलाखालीसुद्धा बघितलं. मग प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न मी तीनदा वाचला आणि तीनदा तो डोक्यावरून गेला. जबडा आवळून बसलो होतो, दाढा दुखायला लागल्या. घाम कानामागून मानेवर. बारा मिनिटं झाली, चार प्रश्न. मग सुचलं. कॅमेऱ्याला तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत. मी टेबलाखाली अंगठ्यानं फरशीवर शब्द लिहायला लागलो. एकेक शब्द गिरवायचा, मग पुढचा. आणि रेंज आली. थोडी आली, पण आली.

एक प्रश्न तर माझ्याच घरचा निघाला. सिग्नल सगळ्यात जास्त कोण खातं: काच, लाकडी पार्टिशन, प्लायवूडचं दार, की माशांची टाकी? नागपुरातल्या माणसाला हे विचारता? हिवाळ्यात तपासून दिलेलं वायफाय उन्हाळ्यात का मरतं, हे मला दर वर्षी साहेब लोक विचारतात, आणि दर वर्षी मधे कोणीतरी पाण्यानं भरलेला कूलर आणून ठेवलेला असतो. पाणीच सिग्नल पितं. टाकीवर टिचकी मारली. जोक सांगायला कोणी नव्हतं.

सदतिसाव्या प्रश्नाला अंगठा थांबला. 'यापैकी कोणतं बरोबर नाही?' त्यातला 'नॉट' मी अंगठ्यानं गिरवला म्हणून दिसला. अंगातून गरम वाफ गेली. आधीच्या कितीतरी प्रश्नांत घाई म्हणून मी मोठेच शब्द गिरवले होते, बारके सोडून दिले होते. त्यात किती नॉट गेले? मागे जाता येत नव्हतं, या परीक्षेत एकदा पुढे गेलं की गेलं. उरलेले तेवीस प्रश्न मी एकेक अक्षर गिरवत काढले. शेवटच्याचं उत्तर दाबलं तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद होते. पलीकडच्या माणसानं शेवटपर्यंत एकही पाटी पाठवली नाही.

स्क्रीन पांढरी झाली. मग आकडा आला. अडुसष्ट.

मी तो अंगठ्यानं गिरवूनही पाहिला. अडुसष्टच.

दार उघडलं. बाहेरच्या खोलीत तिघंही सोडली होती तशीच बसली होती. आईनं हातातल्या बांगड्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. प्रेमलताचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. नत्थूजींच्या तोंडात रुमालाचा बोळा होता. त्यांना दुपारी खोकला येतो. खोलीतली हवा तव्यासारखी तापली होती.

नत्थूजींनी बोळा काढला. "सांग गा, ओमप्रकाश."

"नापास झालो जी. दोन टक्क्यांनी."

नत्थूजी फुटले. खोकला आणि हसणं एकदमच. "पाहा याले. दोन टक्के म्हणते. मी दीड घंटा रुमाल चावून राहिलो अन् हा मलेच बनवून राहिला."

आईही हसायला लागली. "पेढे कुठी लपवले सांग बरं, बाप्पा."

"आई, खरंच नापास झालो."

"अन् तोंड त पाहा कसं केलं यानं," नत्थूजी म्हणाले, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. दीड तासाचं कोंडलेलं सगळं बाहेर येत होतं. मी आणखी एकदा सांगणार होतो. मग म्हटलं, हसू द्या.

प्रेमलता हसली नाही. ती उठली, बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतलं, बटण दाबलं आणि एक खुर्ची हवेच्या तोंडावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

मी बसलो. वाळ्याच्या ताट्या पार सुकल्या होत्या. त्या भिजेपर्यंत कूलर गरमच हवा फेकत राहतो.