रेडिएटरचे पापुद्रे

भांडायचं ठरवूनच मी पेंटरच्या दुकानात शिरले. माझ्या मोटरसायकलच्या रेडिएटरला त्याने दिलेला रंग दुसऱ्यांदा सुटला होता. मी दिवसभर गाडीवरून औषधांची पार्सलं पोचवते. ज्या जाळीतून इंजिन थंड होतं तीच जाळी उन्हाने सोललेल्या पाठीसारखी दिसायला लागली, की माझा आवाज चढतो.

"ताई, आधी भांडायचंय की आधी बघायचंय?" पेंटर म्हणाला. "दोन्ही एकदम मला जमत नाही."

"आधी भांडायचंय."

"मग भांडा. मी तोवर बघतो."

तो खरंच बघत बसला. मी 'भुरटा'पासून सुरुवात करून बरीच पुढे गेले, तरी त्याची मान वर झाली नाही. शेवटी मीच दमले.

"खडे लागून रंग गेला असता तर समोरून टिपके टिपके उडाले असते," तो म्हणाला. "हा मागूनही सुटलाय. तिथे खडा पोचणार कसा? उष्णता म्हणाल, तर मग सगळीकडून पिवळा पडला असता. हे बघा." त्याने एक पापुद्रा नखाने उचलला. खालचं ॲल्युमिनियम काळवंडलेलं, वर पांढरी भुकटी. "ह्याला कोणीतरी जाळतंय. गाडी कशाने धुता?"

"मी नाही धुत. सासरे धुतात."

"कशाने?"

 मोरीतला कॉस्टिक सोड्याचा तो निळा डबा माझ्या डोळ्यांसमोर आला.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळी नोकरी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली. करपलेली मोठी पातेली कॉस्टिक सोड्याने लख्ख करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. मी गाडी घेतली तेव्हा इमारतीतल्या बायकांनी, आणि त्यांच्याहून जास्त पुरुषांनी, नाकं मुरडली. सून फटफटीवर फिरते म्हणे. माझा नवरासुद्धा चार लोकांत गप्प बसला. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. बादली घेऊन खाली उतरले आणि सगळ्यांच्या देखत माझी गाडी धुतली. त्या दिवसापासून दर रविवारी धुतात. लोकांची तोंडं त्या बादलीने बंद केली. मला आयुष्यात कोणी एवढं मोठं काही दिलेलं नाही.

पुढे छातीत दुखून ते दवाखान्यात राहून आले. तेव्हापासून घरात त्यांच्या हातात एकच काम उरलं होतं. हेच.

"अजून थोडे महिने असंच चाललं तर भोक पडेल," पेंटर म्हणाला. "पाणी गळालं की इंजिन गेलं."

"आणि मी त्यांना नको म्हटलं तर तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल."

"मग माझं नाव सांगा. पेंटरने रद्दी रंग दिला, धुतला की सुटतो म्हणा. माझं काय जातंय? तुम्ही आत्ता त्याहून वाईट बोललात."

खोटं बोलायचं पक्कं करून मी घरी आले. खाली अण्णा बादलीत सोडा ढवळत होते. हात लाल झालेले. ते हात बघितले आणि माझी तार सटकली.

"अण्णा, ठेवा ते खाली. ॲल्युमिनियम आहे ते, पातेलं नाही. तुम्ही माझी गाडी खाताय. आणि हातमोजे कुठायत? कँटीनमध्ये असेच जाळत होतात का हात?"

त्यांनी बादली ठेवली. माझ्याकडे बघितलं. जिना चढून गेले. मी तिथेच उभी राहिले. स्वतःच्या जिभेला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सकाळी मी रेडिएटर उतरवायला बसले, तर अण्णा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. हातात जुना टूथब्रश.

"पातेल्यांना काही होत नाही गं," ते म्हणाले.

"पातेली स्टीलची असतात."

"हो. रात्रभर तेच डोक्यात होतं. चल, काय करायचं ते सांग."

दोघं पेंटरकडे गेलो. त्याने नळ्यांची तोंडं बंद करून रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवला आणि आत हवा भरली. तिघं वाकून बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही. भोक अजून पडलेलं नव्हतं.

मग सोड्याचा अंश मारायला जाळी व्हिनेगरच्या पाण्याने, नंतर साध्या पाण्याने धुतली. सुटलेला रंग टूथब्रशने काढला, कडा पॉलिश पेपरने घासल्या. वाकलेल्या पात्या अण्णांनी चिमट्याने एकेक सरळ केल्या. पार वाळल्यावर पेंटरने ॲल्युमिनियमचा प्रायमर मारला आणि रंगाच्या स्प्रेचा डबा अण्णांच्या हातात दिला.

"पातळ मारा, काका. जाड थर बसला तर हवा जायची नाही."

अण्णांनी पहिल्याच झटक्यात एक कोपरा चिंब केला.

"अण्णा, भिंत रंगवताय का? हात हलता ठेवा ना," मी खेकसले. लगेच जीभ चावली.

ते हसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच. "काल ओरडलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "घरात सगळे माझ्याशी कुजबुजतात. मुलगा तर असं बोलतो, जणू मी झोपलोय. काल वाटलं, कामावरच आहे अजून."

 ज्याचे पाय धरायचे त्याच्यावर मी दोनदा ओरडले होते, आणि तोच माझे आभार मानत होता.

"मग तो ओघळ पुसा," मी म्हणाले. "वाळला तर परत घासायला लावीन."

"लाव," अण्णा म्हणाले, आणि फडकं घेऊन ओघळ पुसायला लागले.