नऊचा आकडा कोणी सांगायचा?

मित्रांनो, मी एक जुना मेनफ्रेम संगणक आहे. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा थोरला संगणक. माझी उभी हयात इस्पितळाच्या तळघरात गेली. कुठल्या पेशंटला कोणतं औषध द्यायचं त्याची चिठ्ठी मी छापायची आणि ती औषधांच्या खिडकीवर जायची. माझी ऑपरेटर काकू सगळ्यांना ठणकावून सांगायची, आमचा म्हातारा कधी रजा घेत नाही. ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग तो आला. नवा सर्व्हर. एवढासा, काळाकुळकुळीत, आवाज म्हणून नाही. त्याच्यासाठी खास थंड हवेचं यंत्र बसवलं, आणि मी इतकी वर्षं एका खडखडणाऱ्या पंख्यावर काढली. आणि काकू? माझ्यावर फडकं फिरवायला जिला कधी सवड नव्हती, ती रोज सकाळी त्याची काच पुसू लागली. माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

माझी सगळी माहिती त्याच्याकडे न्यायचं ठरलं. इंजिनिअर ताई माझा एकेक प्रोग्राम उघडायची आणि नव्यावर चालतो का ते तपासायची. पोरगी हुशार, पण एका ठिकाणी अडली. इस्पितळात बेड चारशे, आणि माझ्याकडे काही पेशंटांचे बेड नंबर नऊ हजारांच्या घरात. जुन्याचं डोकं फिरलंय असं समजून तिने नव्याला पुढचा नऊ गाळायला शिकवलं.

अहो, तो नऊ काकूनेच घातलेला! एखाद्याला पेनिसिलिन सोसत नाही, ही नोंद करायला माझ्यात जागाच नव्हती. म्हणून काकू आणि सिस्टर यांनी ठरवलं, की अशाच्या बेड नंबरापुढे नऊ लावायचा. नऊ दिसला की खिडकीवरचा माणूस ते इंजेक्शन हातातच घ्यायचा नाही. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ताईला सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

माझ्या ध्यानात होतं. मी म्हटलं, आपटू दे त्याला तोंडावर.

चाचणी सुरू झाली. दोघांनीही चिठ्ठ्या छापायच्या, काकूने त्या ताडून पाठवायच्या. मी रुसलो. माझ्या प्रिंटरात रोज कागद अडकू लागला. मग काकू वैतागून नव्याचीच चिठ्ठी पाठवायची.

एके सकाळी एका सुताराचं नाव आलं. ऑपरेशन झालेलं, अजून शुद्ध नाही. ते कधी बोलतील हो, असं त्याची बायको काकूला दारातून विचारून गेली होती. माझ्याकडे त्याचा नंबर होता नऊ हजार बारा, आणि नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं पेनिसिलिन. त्या सर्व्हरने झटकन चिठ्ठी छापली, बेड बारा. काकू ती घेऊन निघाली.

मी गप्प बसलो असतो, तर नव्याची बेअब्रू झाली असती आणि मला कोणी जागचं हलवलं नसतं. पण त्या बाईचा नवरा गेला असता. माझा सगळा रुसवा गळून पडला. मी खडखडत चिठ्ठी छापली आणि कागद अडकू दिला नाही.

आवाज ऐकून काकू दारातून परतली. तिने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या, माझ्या चिठ्ठीवरचा नऊ पाहिला आणि ताईला हाक मारून बोलावलं.

"ताई," ती म्हणाली, "नऊचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

ताईने तिथल्या तिथे चाचणी थांबवली. मग तिने काकूला आणि सिस्टरना माझ्याशेजारी बसवून अशा सगळ्या खुणा विचारून घेतल्या. नव्यात पेनिसिलिनसाठी वेगळी लाल खूण केली. आता त्याला माझी गरज उरली नाही.

सुतार बरा झाला. घरी जाताना दोघं नवराबायको आभार मानायला आली. कोणीतरी नव्याकडे बोट दाखवलं, आणि सुताराने कौतुकाने थाप मारली ती त्याच्या पाठीवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

उद्या माझी वायर काढणार आहेत. मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला हलवण्याआधी त्याला आणि त्याच्या माणसांना नीट विचारून घ्या. जळणारे सगळेच काही माझ्यासारखे वेळेवर शहाणे होत नाहीत.